न केलेल्या तपासणीचा नॉर्मल रिपोर्ट

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हा माझं वजन एकशे अठरा किलो होतं. साखरेच्या गोळ्या चालू होत्या, गुडघे बोलत होते आणि के. आर. पुरमच्या आमच्या घराचे दोन जिने चढायला मला मधे टेकावं लागायचं. ते सगळं गेलं. त्याबद्दल त्या सर्जनचे आभार.

पण नंतर जे झालं, त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. तो जावा असंही मला वाटत नाही. हे ऑपरेशन करून घेतलेल्या आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे" या तीन शब्दांवर निवांत झोपणाऱ्या बायकांसाठी मी हे लिहितेय. पुरुषांनीही वाचलं तर बिघडत नाही.

हर्निया

ऑपरेशन कोरमंगलाजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं. दुसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला औषधाच्या टोपणाएवढ्या कपातून पाणी. तेवढं पाणी प्यायला मला दहा मिनिटं लागायची. एक ठेंगणीशी कानडी नर्स यायची आणि "नडीरी अक्का, नडीरी" म्हणत, चला चला म्हणत, सलाइनच्या दांडीसकट मला कॉरिडॉरभर चालवायची. मी रडायचे, ती हसायची आणि चालवायचीच. त्या पोरीबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे.

घरी काळजी घ्यायला माझ्या नणंदबाई, नीलाताई, नाशिकहून आल्या होत्या. मनाने चांगल्या. तीन आठवडे राहिल्या, माझ्यासाठी डाळीचं पाणी गाळून गाळून दिलं. पण आल्या दिवशीच त्यांनी फर्मान काढलं, "हे बघ वैशाली, कुणी विचारलं तर हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणायचं. वजनाचं म्हटलंस तर लोक म्हणतील, जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं."

माझा नवरा सुहास एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनीअर आहे. आमच्या कॉलनीत अर्धी कुटुंबं त्याच्याच ऑफिसातली. तोही म्हणाला, "असू दे ना. कशाला सगळ्यांना सांगत बसायचं?" आणि मी? मलाही लाजच वाटत होती. जाडीची लाज आणि ती घालवायचीही लाज. मी "हो" म्हणाले.

मग हर्निया हर्निया करता करता तो इतका अंगवळणी पडला की आमच्या कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांनाही मी हर्नियाच सांगितला. बोम्मसंद्र्याला मी नोकरी करते त्या कारखान्यात दरवर्षी आरोग्य तपासणी असते. तिच्या फॉर्मवर 'पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया' असा रकाना आहे. तिथे मी स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात 'हर्निया' लिहिलं.

कौतुक

पहिलं वर्ष छान गेलं. हॉस्पिटलचे फोन यायचे, आहारतज्ज्ञ बाई बोलायच्या. त्यांच्या तक्त्यात रोज अंड्याचा पांढरा भाग आणि चिकन सूप. मी म्हणाले, "अहो, आम्ही शाकाहारी." त्या म्हणाल्या, "सरी, पनीर घ्या, मॅनेज माडी." म्हणजे तुमचं तुम्ही बघा. झालं. रोज साठ ग्रॅम प्रथिनं वाटीभर पोटात कशी बसवायची, हे त्या एका 'मॅनेज'मध्ये आलं.

वर्ष संपलं आणि फोनही संपले. विटामिनच्या गोळ्यांचं पाकीट संपलं, तेव्हा मला वाटलं कोर्स पूर्ण झाला. अँटिबायोटिकचा होतो तसा. या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, हे मला तोंडाने कुणीही सांगितलेलं आठवत नाही. नंतर शोधलं तेव्हा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, प्रोटीन पावडरच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात ते छापलेलं सापडलं. वाचलं नाही ही चूक माझी. पण जी गोष्ट चुकली तर माणूस पांगळं होऊ शकतं, ती जाहिरातीखाली छापतात का हो?

मी मात्र कौतुकात न्हाऊन निघत होते. चाळीस किलो उतरले, पंचेचाळीस उतरले. कॉलनीत हळदीकुंकवाला गेले की बायका कंबरेकडे बघायच्या. "कसं गं केलंस?" मी म्हणायचे, "चालते रोज." केसांचे पुंजके निघायला लागले, तर एकजण म्हणाली, "बारीक चेहऱ्याला कमी केस शोभतात." ही तिची समजूत! मला दम लागायचा, तर म्हणे वय. शब्द आठवायचे नाहीत, तर म्हणे कामाचा ताण. नीलाताई फोनवर म्हणायच्या, "आता सोमवारही धर, वजन परत यायला नको." मी धरला. चतुर्थी होतीच. उपासाला चार चमचे साबुदाणा खिचडी खाल्ली की पोट गच्च, आणि मी खूश. वाटीभराचं पोट आणि त्यात नुसता साबुदाणा! आज आठवलं की स्वतःला दोन लगावाव्याशा वाटतात.

ठळक काही नाही

आमच्या घरात रक्ताचे रिपोर्ट वाचायची एक रीत आहे. रिपोर्ट फोनवर येतो, सुहास चष्मा कपाळावर चढवून सरासर खाली जातो आणि निकाल देतो, "ठळक काही नाही." लॅबवाले मर्यादेबाहेरचे आकडे ठळक छापतात ना, तेवढेच तो बघतो. त्याच्या आईवडिलांचे रिपोर्टही तो असेच बघायचा.

कारखान्यातल्या तपासणीचा रिपोर्ट आला. साखर, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन. तीन पानं, ठळक काही नाही. हिमोग्लोबिन अगदी काठावर होतं, पण काठाच्या आत. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "एक्सलंट! तुम्ही तर बाकीच्यांना लेक्चर द्या." पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. मी गुणवत्ता तपासणी विभागात आहे. यंत्राचे सुटे भाग येतात, नकाशावर बारा मापं असतात, ती मी मोजते. अकरा मापं बरोबर आली आणि बारावं मोजायचं राहिलं, तर तो भाग मी पास करत नाही. बाजूला ठेवते. वीस वर्षं हेच करतेय. माझ्या हाताखालच्या पोरांना मी याच गोष्टीवरून फाडून खाल्लंय. आणि स्वतःच्या रक्ताचं कुठलं माप मोजलंच नाही, हे दोन वर्षांत एकदाही बघितलं नाही.

सुहासचं प्रेम नव्हतं असं नाही हं. विटामिनच्या गोळ्या थांबल्या तरी लोह आणि कॅल्शियम चालू होतं, आणि त्यासाठी त्याने आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणली होती. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच कप्प्यात, "म्हणजे विसरायला नको." ती मी सकाळच्या फिल्टर कॉफीबरोबर घ्यायचे. पुढे कळलं, कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही आणि कॉफी तर नाहीच नाही. या दोन गोळ्यांत काही तासांचं अंतर हवं. म्हणजे दोन वर्षं मी लोह गिळत होते आणि ते आल्या वाटेने जात होतं.

सिग्नलवर

सुरुवात मुंग्यांनी झाली. पायाच्या बोटांत मुंग्या. मग तळव्याखाली कायम मोजा घातल्यासारखं वाटायला लागलं. घरात चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मी तशीच पुढे जायचे. आमची मुलगी हसायची, मीही हसायचे. अंघोळ करताना डोळे मिटून तोंडाला साबण लावला की तोल जायचा. भिंत धरायची सवय लागली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी स्कूटरवरून निघाले होते. सिग्नलला थांबताना डावा पाय खाली टेकला. टेकला असं मला वाटलं. पाय वाकडा पडला होता आणि मला ते कळलंच नाही. मी स्कूटरसकट आडवी झाले. मागच्या रिक्षावाल्याने कचकन ब्रेक लावला आणि चाक माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर थांबलं. तो धावत आला, उचललं, "नोडकोंडु, अक्का," म्हणाला. बघून चालवा म्हणून. अरे बाबा, बघतच होते मी! पायाला दिसत नव्हतं त्याला काय करू?

खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण मी रस्त्याच्या कडेला बसून तो पाय चाचपत राहिले. सत्तेचाळीसाव्या वर्षी माझा पाय माझा राहिला नव्हता. उद्या जिन्यावरून गेले तर? चालणंच गेलं तर? त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी घाबरले.

मंजुळा

फॅमिली डॉक्टरांनी साखर पुन्हा तपासायला सांगितलं. मधुमेहात पाय बधिर होतात, म्हणून. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या लेखी मी हर्नियाचं ऑपरेशन झालेली बाई होते.

गल्लीच्या तोंडाशी एक छोटी लॅब आहे. तिथे मंजुळा रक्त काढते. वय तिशीचं, अंगावर निळा कोट, हात इतका हलका की सुई टोचल्याचं कळत नाही. मी आत येताना दाराची चौकट धरली ते तिने बघितलं.

"काय झालं अक्का? पाय?"

"बधिर झालेत. साखर बघायची आहे."

तिने माझे जुने रिपोर्ट मागितले. मी फोनवरून दाखवले. ती सुहाससारखी सरसर खाली गेली नाही. एकेक ओळ बोटाने वाचत गेली. मग म्हणाली, "इदरल्लि बी ट्वेल्व इल्वल्ला, अक्का." यात बी ट्वेल्व नाहीच की.

"म्हणजे नॉर्मल आहे ना?"

"नॉर्मल नाही, ॲबनॉर्मल नाही. केलंच नाही. या पॅकेजात ते नसतंच." मग तिने माझ्या सैल पडलेल्या दंडाच्या कातडीकडे बघितलं आणि आवाज खाली करून विचारलं, "वजन किती उतरलं? ऑपरेशन काय झालं होतं?"

"हर्निया," मी म्हणाले. जीभच तशी वळली.

ती सुई हातात धरून थांबली. आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला हुंदका फुटला. म्हणाले, "हर्निया नाही गं. बायपास. पोटाची बायपास." नवरा, नणंद आणि मुलगी सोडून बाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदा खरं सांगितलं. ते एका लॅबमधल्या बाईला, जिचं आडनावही मला माहीत नव्हतं!

ती शांतपणे म्हणाली, "मग साखर राहू दे. ही दुसरी टेस्ट करू. आणि मोठ्या डॉक्टरांना आजच दाखवा, उद्या नको." तिने स्वतः आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावून तशी चिठ्ठी मागवली.

कंप पावणारा चिमटा

मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाईंनी एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर? थोडी. मग डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी सुहासच्या अंगावर कोसळले. तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदा इतका पांढरा बघितला.

रिपोर्ट आला. बी ट्वेल्व त्यांच्या मशीनला मोजता येतं त्याच्याही खाली. लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला. डी विटामिन तळाला. या वेळी पानभर ठळक अक्षरं होती.

सुहास म्हणाला, "पण डॉक्टर, हिमोग्लोबिन तर नॉर्मल होतं."

"रक्त बरं दिसतं आणि नसा उपाशी असतात," त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर हे अन्नातून नीट शोषलं जात नाही. जन्मभर बाहेरून द्यावं लागतं आणि नियमित मोजावं लागतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मी विचारलं, "पाय परत येतील?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "आजपासून इंजेक्शनं सुरू करू. पहिल्या वर्षभरात जेवढं परत येईल तेवढं आपलं. सगळंच येईल असं सांगता येत नाही. सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर…" आणि वाक्य अर्धं सोडलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी मस्तकातच पेटली, तळपायाला काही कळतच नव्हतं. घरी जाताना गाडीत मी सुहासला नको नको ते बोलले. ठळक काही नाही, ठळक काही नाही! जी तपासणी केलीच नाही तिचा आकडा ठळक छापून येणार कुठून? तो म्हणाला, "तू तरी कुठे बघितलंस?" खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. चार दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. मुलगी दोघांच्या खोल्यांतून ये-जा करत निरोप पोचवत होती.

नीलाताईंना फोन करून मी सांगितलं, "ताई, उद्यापासून सगळ्यांना खरं सांगायचं. आणि माझे सगळे उपास बंद." त्या म्हणाल्या, "मी तुझ्या भल्यासाठीच म्हणत होते गं." मला माहीत आहे. सगळे भल्यासाठीच म्हणत होते.

स्टार पेशंट

मी हॉस्पिटलात गेले. काठी घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर माझं नाव बघितलं आणि चेहरा फुलवला. "मॅडम, आप तो हमारी स्टार पेशंट हैं! आपको फोटो के लिए मेसेज किया था ना?" केला होता. वर्ष संपल्यावर हॉस्पिटलकडून मला आलेले तिन्ही मेसेज फोटोसाठीच होते. आधीची जाडी मी आणि आताची बारीक मी, शेजारी शेजारी, भिंतीवर लावायला. 'रक्त तपासून घ्या' असा एकही नाही.

सर्जन भेटले. म्हणाले, "तुम्ही फॉलोअपला यायला हवं होतं. पुस्तिकेत सगळं दिलंय."

म्हटलं, "डॉक्टर, फोटो हवा तेव्हा तुम्हाला माझा नंबर सापडतो. मग रक्त हवं तेव्हा का सापडत नाही?"

ते म्हणाले, आमच्याकडे पेशंट खूप असतात. मी म्हणाले, मला पाय दोनच आहेत. तिथून निघाले. फोटो दिला नाही.

आता ताटात काय

मी डॉक्टर नाही. पण माझ्यासारख्या बाईला एवढं नक्की सांगेन. रिपोर्टात काय आहे ते बघण्याआधी काय नाही ते बघा. बी ट्वेल्व, फेरिटिन, डी विटामिन, कॅल्शियम, प्रथिनं, आणि उलट्या होत असतील तर बी वन. तुमच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, "हे का नाही?" ते चिडले तर चिडू देत. जुने रिपोर्ट फेकू नका, आकडा मर्यादेत असला तरी दरवर्षी घसरतोय का ते शेजारी ठेवून बघा. कुठल्याही फॉर्मवर ऑपरेशनचं खरं नाव लिहा. आणि गोळ्या मनाने सुरू करू नका, बंद तर मुळीच करू नका.

खायचं म्हणाल तर आधी डाळ, पनीर, दही, मोडाची उसळ. ती पोटात गेली की मग भाजी. भाताला जागा उरली तर भात, आणि बहुतेक उरत नाहीच. जेवताना पाणी नाही. अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत इथे त्या शेंगांची उसळ मी रोज खाते. कॉफी गोळ्यांपासून लांब. उगादीला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला, शेजारच्या काकूंनी ओब्बट्टू, म्हणजे पुरणपोळीच, हातावर ठेवली, "स्वल्प तरी घ्या" म्हणाल्या. पूर्वी भिडेखातर खाल्ली असती आणि तासभर घामाघूम होऊन धडधडत पडले असते. आता सरळ सांगते, माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, गोड चालत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटीभर उसळ पाठवली. एवढं सोपं होतं ते!

दुपारचं देऊळ

इंजेक्शनं सुरू होऊन वर्ष होत आलं. काठी सुटली. शब्द आठवायला लागले. उजव्या पायात जीव आला, आधी घोट्यात, मग टाचेत, मग बोटांत. डावा मागे राहिला. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मागच्या महिन्यात आम्ही देवळात गेलो होतो. सुहासची सुट्टी म्हणून निवांत उठलो, निघायला उशीर झाला आणि प्रदक्षिणेला लागलो तेव्हा भर दुपार होती. अंगणातल्या दगडी फरश्या नुसत्या तापल्या होत्या. लोक टणाटण उड्या मारत सावली गाठत होते. मी पाऊल टाकलं आणि उजवा पाय असा पोळला म्हणून सांगू! मी किंचाळले. सुहास दचकला. मी हसत सुटले, "अरे, भाजलं! मला भाजलं!" भर देवळात त्याचा हात धरून मी नाचायची बाकी होते. देवाला काही मागितलं असेल तर तेच होतं.

घरी आलो. पाय धुताना मुलगी ओरडली, "आई, हे काय?" डाव्या तळव्यावर दोन मोठे फोड आले होते. एक फुटला होता, चपलेत पाणी झालं होतं. उजवा पाय मी पटकन उचलला होता. डावा तसाच निवांत तापल्या दगडावर टेकून उभा होता, आणि मी त्याच्यावर भार टाकून हसत होते.

सुहास मलम घेऊन आला. जमिनीवर बसला, माझा पाय मांडीवर घेतला. फोडाच्या कडेला हळूच बोट लावलं, फुंकर घातली आणि वर न बघता विचारलं, "खूप दुखतंय का गं?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात दुखत नाहीये, सुहास."

त्याची फुंकर थांबली.